फौजेत गेलेला हात आणि डिसॅबिलिटी पेन्शन

नालासोपारा, विरार, वसई पूर्व या पट्ट्यात आपल्या समाजातले माजी सैनिक बरेच आहेत. कोकणातून, सातारा-सांगलीकडून फौजेत गेले, पंधरा-सतरा वर्षे नोकरी केली आणि इथे घर घेतले. अनेक जण आज सोसायट्यांत सुरक्षा रक्षक आहेत. आमच्या तपासणी शिबिरात ते रक्तदाब मोजायला येतात आणि हात पुढे केला की दुसरेच काही दिसते. कुणाचे मनगट वळत नाही, कुणाच्या बोटाचे पेर गेलेले, कुणाच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला. विचारले तर उत्तर ठरलेले, "सिस्टर, ते जुनं आहे, फौजेतलं." पेन्शनमध्ये त्याचे काही मिळते का, या प्रश्नावर निम्मे गप्प बसतात आणि उरलेले म्हणतात, "बोर्डाने नाकारलं."

हे नाकारणे कसे होते ते समजायला आधी मनगट समजून घेऊ. मनगटात आठ छोटी हाडे असतात. त्यातले स्कॅफॉइड हे साधारण काजूएवढे हाड अंगठ्याच्या बाजूला असते. पडताना माणूस तळहात टेकतो तेव्हा हेच मोडते. अडचण अशी की पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर कधी कधी दिसतच नाही. मग मुरगळले म्हणून क्रेप बँडेज बांधले जाते आणि जवान ड्युटीवर परत जातो. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळते, त्यामुळे मोडल्यावर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हाड जुळत नाही आणि काही वर्षांनी सगळे मनगट झिजते. तोवर निवृत्ती जवळ आलेली असते. बोर्डासमोर उरते ती फक्त झीज, आणि झीज म्हटली की ती वयाच्या खात्यात टाकणे सोपे.

कार्पल टनेलचेही असेच होते. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाते. अंगठा आणि शेजारची दोन-अडीच बोटे रात्री बधिर होतात, हात झटकला की बरे वाटते. मधुमेह आणि थायरॉइडमुळेही हे होते, म्हणून फौजेचा संबंध दाखवायचा तर कामाचे स्वरूप लेखी लागते. रोज तासन् तास अवजड गाडी चालवणे, खडक फोडायचे यंत्र धरणे. बर्फात गेलेली बोटे, तारेने किंवा स्फोटाने तुटलेले स्नायुबंध यांचा संबंध तुलनेने लवकर मान्य होतो, कारण त्याची नोंद त्याच दिवशी होते.

लष्करी वैद्यकीय श्रेणीत पाच अक्षरे असतात. त्यातले ‘ए’ म्हणजे हातपाय. तिथे एकच्या जागी दोन किंवा तीन आकडा आला की श्रेणी खालावली. निवृत्तीच्या वेळी याच जवानांचे रिलीज मेडिकल बोर्ड होते आणि ते दोन गोष्टी ठरवते. दुखणे लष्करी सेवेमुळे झाले किंवा वाढले का, आणि अपंगत्व किती टक्के. दोन्हींत पास व्हावे लागते. संबंध मान्य आणि टक्केवारी किमान २०, तरच डिसॅबिलिटी एलिमेंट. संबंध अमान्य केला की कागदावर इंग्रजी आद्याक्षरांचा ‘नाना’ असा शेरा येतो. घरातल्या वडीलधाऱ्याचे नाव वाटते, पण यानेच माणसाचे पैसे अडतात.

या शेऱ्याने घाबरून जाऊ नका. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की भरतीच्या वेळी जवानाच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो धडधाकट होता असेच धरायचे. पुढे बिघाड झाला तर तो सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याचा भार फौजेवर आहे, जवानावर नाही. बोर्डाने नुसता शेरा मारून चालत नाही, कारणे द्यावी लागतात. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात आणखी एक गोष्ट आली. अपंगत्वामुळे नोकरीतून काढून घरी पाठवले असेल तर ते २० टक्क्यांहून अधिक होते असेच समजायचे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार खटल्याचा निकाल लागला. अपंगत्व ५० टक्क्यांखाली असेल तर ते ५० धरायचे, ही सवलत आधी फक्त मुदतीआधी काढलेल्यांना होती, ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू ठरली. हिशेब करून बघा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. पगार ४०,००० धरला तर २० टक्क्यांना २,४०० रुपये होतात. तेच ५० धरले की ६,०००, वर महागाई भत्ता वेगळा. ज्यांना जुनी २० टक्क्यांचीच रक्कम येते आहे त्यांनी आपला पेन्शनचा आदेश काढून वाचावा.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. ते त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी. त्याआधी बाहेर पडलेल्यांना कुणी नवा नियम दाखवून परत पाठवत असेल तर ऐकू नका.

कागदांत सर्वांत मोलाचे दोन. दुखापतीचा अहवाल आणि बोर्डाची कार्यवाही, म्हणजे ए.एफ.एम.एस.एफ.-१६ हा फॉर्म. नसतील तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागा, गरज पडल्यास माहिती अधिकारात. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला आहे. पहिल्या महायुद्धात उभी केलेली १११ महार पलटण १९२१ साली मोडली गेली आणि १९४१ मध्ये बेळगावात रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. इतक्या झगड्याने मिळालेल्या नोकरीतला हक्काचा पैसा ‘जाऊ दे’ म्हणून सोडणे आम्हाला तरी पटत नाही.

व्हॉलीबॉल, कबड्डी खेळताना मोडलेले मनगटही मोजले जाते, खेळ युनिटने ठेवलेला असेल तर. सुट्टीत गावी पडून झालेली इजा मात्र सहसा अडकते.

नकाराचे पत्र आले की सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेही फेटाळले तर दुसरे, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. वर्षे उलटली असली तरी दार बंद नाही, कारण पेन्शन दर महिन्याला नाकारली जात असते. मात्र उशिरा गेलेल्यांपैकी अनेकांना थकबाकी मागच्या तीनच वर्षांची मिळाली आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीर परिवार सहायता योजनेबद्दल विचारा. विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये ती सैनिक कुटुंबांसाठी सुरू केली आहे.

आता परिचारिका म्हणून आमचे सांगणे. पुन्हा तपासणी लागली तर "ठीक है साब" ही सवय घरी ठेवून जा. फौजेत ती कामाची होती, बोर्डासमोर ती नुकसान करते. शर्टाचे बटण लागत नाही, भाकरी मोडता येत नाही, विरार लोकलचा दांडा धरला तर पकड सुटते, असे साध्या शब्दांत सांगा. कोणता हात कामाचा तेही लिहून घ्यायला लावा. वाढवून सांगू नका. पकड यंत्रावर दोन-तीनदा मोजतात, मुद्दाम कमी जोर लावला की आकडे जुळत नाहीत आणि खरे दुखणेही खोटे ठरते. आधी नर्व्ह कंडक्शन तपासणी आणि दोन्ही मनगटांचे एक्स-रे करून घ्या, ई.सी.एच.एस. कार्ड असेल तर तिथून चिठ्ठी मिळते. सरकारी रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र वेगळ्या कायद्याचे आहे. ते फाइलला जोडा, पण लष्करी बोर्डाच्या टक्केवारीची जागा ते घेत नाही.

नवरा गेल्यावर त्याची थकलेली रक्कम पत्नीला मागता येते. पण तेव्हा तपासायला हात उरलेला नसतो, सगळे कागदावर चालते. म्हणून घरातल्या बाईला ती फाइल कुठे आहे, रेकॉर्डचा पत्ता काय आणि सेवा क्रमांक कोणता, हे आजच दाखवून ठेवा.