कोंबडा झाकून पाहता आला नाही तर?

‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. व्हायचे ते झाल्याशिवाय राहत नाही, अशा अर्थाने आपण ती वापरतो. पण विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून जरा तिच्याकडे पाहा. कोंबडा आरवतो आणि पाठोपाठ उजाडते. दोन गोष्टी इतक्या नेमाने एकामागून एक घडत असतील, तर पहिली दुसरीचे कारण असावी असे कोणालाही वाटेल. मग म्हणीतल्या माणसाने काय केले? सरळ कोंबडा झाकला. म्हणजे त्याने नुसते पाहत बसण्याऐवजी एक गोष्ट स्वतःच्या हाताने बदलली आणि पुढे काय होते ते पाहिले. यालाच आपण प्रयोग म्हणतो.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण दिवसभर कोंबडेच झाकत असतो. साध्या लंबकाच्या दोऱ्याची लांबी बदलायची, गोळा तोच ठेवायचा आणि दोलनकाल मोजायचा. मग लांबी तीच ठेवून गोळा बदलायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलली की कारण कोणते आणि परिणाम कोणता, याबद्दल वाद उरत नाही.

माणसांच्या बाबतीत हे सुख नाही. ‘मला आज लांब दोरा नको’ असे लंबकाचा गोळा कधी म्हणत नाही. रोगी म्हणतो, त्याचे नातेवाईक म्हणतात आणि डॉक्टरही कोणाला कोणता उपचार द्यायचा हे प्रकृती पाहूनच ठरवतात. यावर शास्त्रज्ञांनी एक नामी तोड काढली. नवे औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही, रोग्यानेही नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठीला रोग्याचे वय कळत नाही, ऐपत कळत नाही, आजार किती बळावला आहे तेही कळत नाही. म्हणून रोग्यांची संख्या मोठी असली की दोन्ही गटांत सर्व तऱ्हेची माणसे जवळजवळ सारख्या प्रमाणात येऊन पडतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमध्ये अशी परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत वैद्यकात चांगलीच रुळली.

पण चिठ्ठ्या नेहमीच टाकता येत नाहीत. ‘तुझ्या नावाची चिठ्ठी निघाली, आता वीस वर्षे सिगारेट ओढ,’ असे कोणाला सांगणार? काही रोग इतके विरळा असतात की ते दिसायला लाखो माणसे घ्यावी लागतील. अशा वेळी संशोधकाच्या हाती उरतात त्या फक्त नोंदी : रुग्णालयातले केसपेपर, जन्ममृत्यूची रजिस्टरे, लोकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्या. कोंबडा आरवलेला दिसतो, उजाडलेलेही दिसते, झाकायची मात्र सोय नाही. अशा नोंदींतून कारण कसे शोधावे, हा आता आरोग्य-संशोधकांना शिकवला जाणारा एक स्वतंत्र विषय झाला आहे. त्या वर्गात आपणही थोडा वेळ मागच्या बाकावर बसू.

फळ्यावर हमखास येणारे एक उदाहरण मूतखड्याचे असते. १९८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या काही डॉक्टरांनी मूतखडा काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोनच घेऊ. पहिली पद्धत चिरा देऊन करायची जुनी शस्त्रक्रिया. दुसरी नवी : कमरेजवळ लहानसे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढायचा. प्रत्येक पद्धतीचे ३५० रोगी होते. चिऱ्याच्या शस्त्रक्रियेने २७३ जणांना गुण आला, म्हणजे शेकडा ७८. दुर्बिणीने २८९ जणांना, म्हणजे शेकडा ८३.

तुम्ही कोणती पद्धत निवडाल? दुर्बिणीची, नाही का? आता वही-पेन्सिल घ्या आणि रोग्यांचे दोन भाग करा. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खडे असलेले एका बाजूला, मोठे खडे असलेले दुसऱ्या बाजूला. लहान खड्यांमध्ये चिऱ्याने ८७ पैकी ८१ जण बरे झाले, शेकडा ९३. दुर्बिणीने २७० पैकी २३४, शेकडा ८७. मोठ्या खड्यांमध्ये चिऱ्याने २६३ पैकी १९२, शेकडा ७३. दुर्बिणीने ८० पैकी ५५, शेकडा ६९.

पुन्हा एकदा वाचा. खडा लहान असेल तर चिरा सरस. खडा मोठा असेल तरीही चिरा सरस. आणि खड्याचा आकार ठाऊक नसेल तर मात्र दुर्बीण सरस! छपाईची चूक वाटेल, पण बेरजा करून पाहा, सगळे आकडे जुळतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली अशा आकड्यांवर लेख लिहिला, म्हणून याला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात.

उलगडा सोपा आहे. चिऱ्याच्या गटात ३५० पैकी २६३ जणांचे खडे मोठे होते. दुर्बिणीच्या गटात फक्त ८० जणांचे. मोठा खडा कोणत्याही पद्धतीला अवघडच. अवघड रोगी एकीच्या पदरात पडले आणि सोपे दुसरीच्या. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर, एखाद्या शाळेत शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गणिताचे गुण न जाणाऱ्यांपेक्षा कमी निघाले, म्हणून शिकवणीने मुले बिघडतात असे म्हणाल काय? ज्यांचे गणित कच्चे, त्यांनाच घरचे लोक शिकवणीला पाठवतात.

मग खरी तुलना कशी करायची? प्रश्न असा विचारायचा : हे सर्वच्या सर्व ७०० रोगी चिऱ्याच्या शस्त्रक्रियेला गेले असते तर किती बरे झाले असते? आणि सर्वच्या सर्व दुर्बिणीला गेले असते तर? ७०० पैकी लहान खड्याचे ३५७, मोठ्या खड्याचे ३४३. चिऱ्यासाठी ३५७ ला ८१/८७ ने आणि ३४३ ला १९२/२६३ ने गुणा. बेरीज सुमारे ५८३ येते, म्हणजे शेकडा ८३. दुर्बिणीसाठी तसेच केले तर सुमारे ५४५, म्हणजे शेकडा ७८. पहिल्या तुलनेतल्या टक्केवारीने जागांची चक्क अदलाबदल केली! चौथीच्या गणितात बसणारा हा हिशेब आहे, पण तो करण्याआधी ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न सुचावा लागतो. नोंदींतून कारण शोधण्याच्या साऱ्या विद्येचे मूळ या प्रश्नात आहे.

(चौकस वाचकाला आणखी एक शंका यावी. चिऱ्याचे रोगी १९७२ ते १९८० या काळातले होते आणि दुर्बिणीचे १९८० ते १९८५ या काळातले. मधल्या वर्षांत इतरही काही बदलले असेलच. आकाराने विभागणी केली म्हणून सगळ्या शंका मिटल्या असे समजू नये. शिवाय या नव्या तंत्राचे तेव्हा नुकतेच पदार्पण झाले होते; आजच्या उपचाराचा निर्णय या आकड्यांवरून घ्यायचा नाही.)

इथवर आले की वर्गातील विद्यार्थी खूश होतात. आकडे आले की त्यांचे तुकडे पाडायचे : वयाने, वजनाने, उत्पन्नाने, जे हाताला लागेल त्याने! मीही प्रथम वाचले तेव्हा असेच समजलो होतो. मग शिक्षक दुसरे उदाहरण काढतात.

गरोदरपणी आईने धूम्रपान केले तर बाळाला अपाय होतो, हे आपल्याला माहीत आहे. १९७१ साली याकोब येरुशाल्मी या अमेरिकन संशोधकाने कॅलिफोर्नियातील हजारो जन्मांच्या नोंदी तपासल्या आणि एक विलक्षण गोष्ट मांडली. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळेच फक्त वेगळी काढली, तर त्यांच्यात धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे अधिक जगत होती. म्हणजे बाळ अशक्त असेल तर सिगारेट औषधी? अर्थातच नाही. पण धूम्रपान खरोखर घातक आहे का, यावर तेव्हा जोराचा वाद चालू होता आणि अशा आकड्यांनी त्यात भर घातली.

गोम कुठे आहे ती टॉर्चवरून पाहू. टॉर्च लागत नाही. एक तर सेल संपले असतील किंवा बल्ब गेला असेल. दुकानात सेलचा आणि बल्बचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पण ‘न लागणारे टॉर्च’ तेवढेच वेगळे काढले, तर संबंध तयार होतो : सेल ताजे निघाले की समजावे, बल्ब गेलेला आहे. बाळाचे वजन कमी असण्याची कारणेही अनेक. धूम्रपान हे एक. जन्मजात व्यंग हे दुसरे, आणि ते कितीतरी अधिक प्राणघातक. कमी वजनाच्या बाळाची आई धूम्रपान करत नसेल, तर कारण दुसरे कुठले तरी असणार, कदाचित तेच प्राणघातक. म्हणून त्या गटात मृत्यू जास्त. सिगारेटने बाळाला वाचवले नाही. आपण चुकीच्या ठिकाणी केलेल्या विभागणीने तसा भास झाला.

मूतखड्यात विभागणी केली नाही तर फसतो, बाळांच्या वजनात केली तर फसतो. मग करायची केव्हा? हे आकडे सांगत नाहीत. दोन्ही ठिकाणी रकाने सारखेच दिसतात. म्हणून या वर्गात आकड्यांना हात लावण्याआधी बाणांची आकृती काढायला लावतात. खड्याच्या आकारापासून एक बाण उपचाराकडे, दुसरा बरे होण्याकडे : आकार दोघांच्याही आधीचा, तो सारखा करून घ्यायलाच हवा. बाळाच्या उदाहरणात बाण धूम्रपानाकडून वजनाकडे येतो आणि व्यंगाकडूनही वजनाकडेच येतो : दोन बाण जिथे येऊन आदळतात, तिथे विभागणी करायची नाही. या आकृत्यांचे नियम संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांनी १९९५ साली एका गाजलेल्या लेखात मांडले. हार्वर्ड विद्यापीठाचे मिगेल एर्नान तर आपल्या विद्यार्थ्यांना बजावतात की निष्कर्ष काढण्याआधी आपली गृहीतके कागदावर रेखाटा. बाण कुठून कुठे जातो, हे ठरवायला शरीराचे आणि रोगाचे ज्ञानच लागते. गणित तिथे मदतीला येत नाही, हे माझ्यासारख्या सूत्रांवर जगणाऱ्याला जरा जड जाते.

बाण बरोबर काढले तरी एक खड्डा शिल्लक राहतो आणि त्यात भले भले पडले. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्या देण्याची पद्धत अमेरिकेत फार रूढ झाली होती. तिथे १९७६ साली सव्वा लाखाच्या आसपास परिचारिकांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्या प्रश्नावली भरून देत. या पाहणीत असे दिसले, की गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी होतो. डॉक्टरांचा विश्वास वाढला. पुढे चिठ्ठ्या टाकून १६,६०८ स्त्रियांवर मोठी परीक्षा घेतली गेली, आणि जुलै २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांना हृदयविकार कमी नव्हे, जास्त होत होता : दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सात अधिक. स्तनांचा कर्करोगही वाढला होता. तोवर लाखो स्त्रिया या गोळ्या घेत होत्या.

काय चुकले? सिंहगडाच्या माथ्यावर उभे राहून वर आलेल्या लोकांना विचारा, ‘चढ फार कठीण आहे काय?’ बहुतेक जण नाही म्हणतील. ज्यांना धाप लागली ते वाटेतूनच परतले. ते तुम्हाला भेटणारच नाहीत. ‘सध्या गोळ्या घेणाऱ्या’ स्त्रिया म्हणजे माथ्यावर पोहोचलेली माणसे. गोळ्या सुरू करताच ज्यांना त्रास झाला आणि ज्यांनी त्या सोडल्या, त्या या गटातून आधीच गळाल्या होत्या. मोजणी पायथ्यापासून करायला हवी होती.

एर्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली नेमके हेच केले. त्याच परिचारिकांच्या जुन्या नोंदी घेतल्या आणि जणू आपण चिठ्ठ्यांची परीक्षाच घेत आहोत अशी मांडणी केली. ज्या दिवशी एखादीने गोळ्या सुरू केल्या तो तिचा पहिला दिवस. तिची तुलना त्याच सुमारास गोळ्या सुरू न केलेल्या तिच्यासारखीशी करायची. पुढे तिने गोळ्या सोडल्या तरी तिला गटातून काढायचे नाही. नोंदी त्याच होत्या, पण पूर्वीचा मोठा फायदा नाहीसा झाला, आणि पहिल्या दोन वर्षांत धोका वाढल्याची खूणही दिसू लागली. दोन पाहण्यांतला जो फरक उरला तो बराचसा पाळी जाऊन किती वर्षे झाली आणि किती काळ पाठपुरावा केला, यांतल्या फरकामुळे होता.

आता तुमच्यासाठी एक कोडे. शिक्षकांनी ते तासाला घालावे आणि मुलांना पाच मिनिटे वाद घालू द्यावा. इंग्लंडच्या विल्यम फार यांनी १८४३ सालीच या खड्ड्याकडे बोट दाखवले होते. सैन्यातील अधिकाऱ्यांची मृत्यूसमयीची सरासरी वये काढली, तर जनरलांचे वय लेफ्टनंटांपेक्षा पुष्कळ जास्त निघेल. मग प्रत्येक तरुण लेफ्टनंटाला दीर्घायुष्यासाठी लगेच जनरल करून टाकावे काय? आणि नाही म्हणत असाल तर, बढतीचा आयुष्यावर खरोखर काही परिणाम होतो का, हे त्याच सैन्याच्या नोंदवह्यांतून तुम्ही कसे शोधाल? मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू कराल?