पिंपरीच्या बाजारातला खजूर: वाण, साखर आणि लोह

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजारांत रमजानच्या महिन्यात इराकचा झाहिदी, इराणचा ओलसर काळा मझाफती, ओमानचा फरद, मदिनेचा अजवा आणि आकाराने सर्वांत मोठा मेडजूल असे खजुराचे अनेक वाण शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. त्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असते, त्यामुळे महाग खजूर अधिक पौष्टिकही असला पाहिजे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात किंमत ठरते ती मुख्यतः आकार, मऊपणा, आवक आणि त्या वाणाला असलेला मान यांवरून. पोषणद्रव्यांच्या बाबतीत पक्व खजुराचे वाण एकमेकांच्या बरेच जवळ आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मेडजूलमधून २७७ उष्मांक मिळतात आणि अल्जीरिया-ट्युनिशियाकडील डेग्लेट नूरमधून २८२. मेडजूलमध्ये तंतू, म्हणजे न पचणारा पण आतड्याच्या कामाला आवश्यक असलेला भाग, ६.७ ग्रॅम असतो आणि डेग्लेट नूरमध्ये ८ ग्रॅम, तर पोटॅशियम अनुक्रमे ६९६ आणि ६५६ मिलिग्रॅम असते.

वाणावाणांतील खरा भेद साखरेच्या प्रकारात आहे. कच्च्या फळात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेत असते तीच शर्करा, साठते, आणि फळ पिकताना इन्व्हर्टेज नावाचे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विघटन करते. मेडजूलमध्ये हे विघटन जवळजवळ पूर्ण झालेले असल्यामुळे त्याच्या सुमारे ६६ ग्रॅम साखरेत सुक्रोज जेमतेम अर्धा ग्रॅम उरतो; डेग्लेट नूरमध्ये ते अर्धवट राहते, म्हणून त्यात सुमारे २४ ग्रॅम सुक्रोज सापडतो आणि त्याचा गर घट्ट असतो. मझाफतीचा मऊपणा मात्र बराचसा पाण्याचा आहे, आणि ज्या फळात पाणी जास्त त्यात तेवढ्याच वजनामागे साखर व उष्मांक कमी भरतात; त्याच पाण्यामुळे तो शीतपेटीत ठेवावा लागतो.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात खजुराइतकीच जुनी ओळख आहे ती खारकेची. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आणि गणपतीपुढची पंचखाद्याची खिरापत तिच्यावाचून होत नाही. खारीक म्हणजे नुसता वाळलेला खजूर नव्हे. ओमानमध्ये मबसली वाणाची पिवळी, अजून कडक असलेली फळे मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात, आणि हा माल तेथून पूर्वापार भारतात येत आला आहे. उकळण्याने इन्व्हर्टेज निष्क्रिय होते, सुक्रोज तसाच राहतो आणि फळ कडक, टिकाऊ बनते. फाळणीनंतर वसलेल्या पिंपरी कॅम्पातील सिंधी कुटुंबांच्या मूळ प्रदेशात, विशेषतः खैरपूर आणि सक्करच्या परिसरात, खारीक याच रीतीने तयार होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले आणि मे २०२५ मध्ये ती आयात पूर्ण थांबवली, तेव्हा खारकेच्या व्यापाराला याची झळ बसली. कच्छची ताजी खारीक ही याहून वेगळी वस्तू आहे: ती पावसाळ्याच्या तोंडावर येणारी, लाल किंवा पिवळी, न वाळवलेली फळे असतात. जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळात निम्म्याहून अधिक पाणी असते, त्यामुळे १०० ग्रॅममागे त्याची साखर वाळलेल्या खजुराहून पुष्कळ कमी भरते.

खजुराविषयीचा सर्वांत दृढ समज लोहाचा आहे, आणि तो तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण रक्तक्षयाने थकलेल्या अनेक स्त्रिया त्याच्यावर भिस्त ठेवतात. जुन्या भारतीय आहारतक्त्यांत वाळलेल्या खजुराच्या १०० ग्रॅममध्ये ७.३ मिलिग्रॅम लोह दिलेले आहे, तर अमेरिकी तक्त्यांत ते सुमारे १ मिलिग्रॅम आहे. यांपैकी मोठा आकडा धरला तरी चार लहान खजुरांतून, म्हणजे सुमारे ३० ग्रॅममधून, जेमतेम २.२ मिलिग्रॅम लोह मिळते; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सांगितलेली दैनंदिन मात्रा मात्र २९ मिलिग्रॅम आहे. शिवाय वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर हे शोषण वाढते, जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते घटते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या स्त्रीला खजूर खाण्याचा सल्ला देऊन लोहाच्या गोळ्या थांबवणे हे म्हणूनच धोक्याचे आहे.

खजुराचे बळ ऊर्जा, तंतू आणि पोटॅशियम यांत आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीभर उभे राहून काम करणाऱ्याला तो बिस्किटाच्या पुड्याहून निश्चित उजवा खाऊ ठरतो. मात्र तो किती खावा हे नगांवर मोजता येत नाही, कारण एक मेडजूल सुमारे २४ ग्रॅमचा आणि ६६ उष्मांकांचा असतो, तर एक डेग्लेट नूर ७ ग्रॅमचा आणि २० उष्मांकांचा. चार मेडजूल खाणारा माणूस चार डेग्लेट नूर खाणाऱ्याच्या तिपटीहून अधिक साखर घेतो. अमिरातीतील पाच वाणांच्या एका अभ्यासात ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे अन्नातील साखर रक्तात किती वेगाने उतरते याचे माप, ४६ ते ५५ या मर्यादित पट्ट्यात आढळला, परंतु हे माप वेगाचे आहे, एकूण साखरेचे नव्हे. मधुमेह असलेल्यांनी त्यामुळे वाणाच्या नावापेक्षा वजनाकडे लक्ष द्यावे, आणि मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी खजूर डॉक्टरांना विचारूनच खावा. वेष्टनावरील घटकांत ग्लुकोज सिरप लिहिलेले असेल, तर वरून साखर चढवलेला तो खजूर दुकानातच ठेवावा आणि साधा झाहिदी घ्यावा.