पाच-सात मीटरवरचं प्रवाळ बघाच!

स्कूबा म्हणजे खोलच जायला हवं असं नाही. अंदमानात स्वराज द्वीपच्या नेमो रीफवर उथळ पाण्यातच खरी मजा आहे! ऊन तिथवर पोचतं आणि प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्यावरच अन्न बनवतात. पोपटमासा खडक कुरतडतो तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. गिळलेला चुना पुढे पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. समुद्रफुलातल्या क्लाउनफिशमध्ये सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो, कमाल आहे! उतरताना कान मात्र पहिल्या मीटरपासूनच मोकळे करत राहा. पहिल्या 10 मीटरांतच दाब दुप्पट होतो. आणि प्लीज, प्रवाळाला हात लावू नका, फिन्सही घासू देऊ नका.