बंदर कोठे होते? दमण, तिआनजिन आणि वाढवण

आपल्या दुधनीला समुद्र नाही. पण समोर दिसणारे मधुबन जलाशयाचे पाणी समुद्राच्याच वाटेवर आहे. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा मधुबन धरणानंतर सिल्वासा व वापी या गावांजवळून जाते आणि दमणला अरबी समुद्रास मिळते. भूगोलाच्या तासाला मुले आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. दमणला एवढी नदी मिळते, मग तेथे मोठी जहाजे का येत नाहीत? आणि जेथे मोठी नदी नाही, त्या वाढवणला प्रचंड बंदर का होत आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाळात आहे. नदी डोंगरातून माती व वाळू घेऊन येते. समुद्राजवळ तिचा वेग मंदावतो आणि हा गाळ मुखाशी खाली बसतो. त्यात खंभातच्या आखाताकडील भरतीही गढूळ असते. दमणला नदीच्या दोन्ही काठांवर पोर्तुगीजांचे किल्ले आहेत : दक्षिणेस मोटी दमण, उत्तरेस नानी दमण. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतले, तेव्हाच्या लहान गलबतांना ही खाडी सोयीची होती. आजच्या मोठ्या कंटेनर जहाजाला मात्र सुमारे १६ मीटर खोल पाणी लागते. दमणच्या खाडीत ओहोटीला मच्छीमारांच्या होड्याही चिखलात टेकतात आणि भरतीची वाट पाहतात.

उत्तर चीनमधील तिआनजिन बंदराची अडचण अशीच होती. हाय नदी तेथे बोहाय समुद्रास मिळते. बोहाय हा उथळ समुद्र असून त्याची सरासरी खोली २० मीटरपेक्षाही कमी आहे. पिवळ्या नदीचा गाळही याच समुद्रात येतो. किनारा सपाट व चिखलाचा, हिवाळ्यात बर्फही धरते. याच देशातील दालियान आणि छिंगदाओ ही बंदरे खडकाळ किनाऱ्यावर असल्याने त्यांना निसर्गाची साथ आहे. तिआनजिनला ती नव्हती, पण राजधानी बीजिंग जवळ होती. म्हणून माणसांनी समुद्रतळ खणून जहाजांसाठी वाट केली आणि उथळ पाण्यात भराव टाकून जमीन तयार केली. तेथील नवे बंदर १९५२ मध्ये सुरू झाले. आज ते जगातील मोठ्या बंदरांत गणले जाते. तरी गाळ काढण्याचे काम सतत चालूच ठेवावे लागते.

आता आपल्या शेजारी पाहू. पालघर जिल्ह्यात डहाणूच्या दक्षिणेस वाढवण गाव आहे. तेथे किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्र नैसर्गिकरीत्याच सुमारे २० मीटर खोल आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच : बंदराला नदीपेक्षा खोली महत्त्वाची. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा असून लाटा अडवण्यासाठी १० किलोमीटरहून लांब बांध आहे. या भरावासाठी वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून आणण्याची योजना आहे.

परंतु नकाशावर निळा दिसणारा समुद्र रिकामा नसतो. या पाण्यात बोंबील, पापलेट, कोळंबी मिळते. त्यावर गावोगावचे मच्छीमार जगतात. किनाऱ्यामागे चिकूच्या बागा आहेत. १९९१ मध्येच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. १९९८ मध्ये वाढवणचा आधीचा बंदर प्रस्ताव डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह संमती दिली. बंदरामुळे व्यापार व रोजगार वाढेल असे सरकार सांगते. मासेमारीची जागा गेल्यावर आम्ही जायचे कोठे, असे मच्छीमार विचारतात.

हा प्रश्न दुधनीच्या मुलांना परका वाटू नये. मधुबनच्या पाण्याने खालच्या भागात शेती व कारखाने उभे राहिले, हे खरे. या पाण्याखाली आपल्याच परिसरातील घरे व शेते गेली, हेही तितकेच खरे. लाभ एका ठिकाणी व त्याग दुसऱ्या ठिकाणी, असे मोठ्या कामांत पुष्कळदा घडते. म्हणून खोली, गाळ व भरती यांच्याबरोबर तेथे कोण राहते हेही भूगोलात शिकले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पालकांना एक विनंती. या सुट्टीत मुलांना घेऊन जलाशयाच्या काठी बसावे. पाण्याखाली कोणते पाडे, कोणत्या वाटा होत्या हे घरातील आजी-आजोबांना विचारावे आणि मुलांकडून त्याचा साधा नकाशा काढून घ्यावा. आलेले नकाशे आम्ही शाळेच्या भिंतीवर, दमण व वाढवणच्या नकाशांशेजारी लावू.