दत्तकविधान आणि जन्मदात्या पालकांचे अधिकार : एक विधिविषयक विवेचन

दत्तकविधानाची कायदेशीर चर्चा बहुधा दत्तक घेणाऱ्यांच्या बाजूने होते. दत्तक कोणास घेता येते, वयात किती अंतर असावे, वारसाहक्क कोणता मिळतो, हेच प्रश्न प्रथम विचारले जातात. मूल देणाऱ्या आई-वडिलांचे अधिकार नेमके केव्हा संपुष्टात येतात, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. भारतात या प्रश्नाला दोन कायदे दोन भिन्न उत्तरे देतात.

पहिला कायदा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा होय. तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. मूल प्रत्यक्ष देणे व घेणे ही कृती येथे निर्णायक मानली जाते. दत्तहोम आवश्यक नाही. नोंदणीकृत दत्तकपत्र असल्यास न्यायालय दत्तक वैध असल्याचे गृहीत धरते, परंतु केवळ पत्राने दत्तक घडत नाही. कलम १२ नुसार दत्तकाच्या दिनांकापासून मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले संबंध तुटतात. निषिद्ध नात्यातील विवाहाचा प्रतिबंध तेवढा उरतो आणि मुलाकडे आधीच निहित झालेली मालमत्ता त्याचीच राहते. कलम १५ अन्वये वैध दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. मुलालाही जन्मकुटुंबात परतता येत नाही. म्हणजे मूल ओटीत घातले, त्या क्षणी जन्मदात्यांचा अधिकार संपला. विचार बदलण्यास अवधी नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. पालक नसलेले मूल अभिरक्षकाने दत्तक द्यावयाचे झाल्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते आणि न्यायालय मुलाचे हित तपासते. आई-वडील देत असतील तर मात्र कोणीच काही तपासत नाही. एकमेव संरक्षण म्हणजे उभयतांची परस्परसंमती. २०१० च्या दुरुस्तीपूर्वी मूल देण्याचा अधिकार प्राधान्याने पित्याचा होता. आता तो मातेसही समान आहे. प्रत्यक्षात धाकट्या जावेचे मूल निपुत्रिक थोरल्या जावेस देण्याचा निर्णय पुष्कळदा घरातील वडीलधारी मंडळीच करतात आणि आईचे मौन ही संमती समजली जाते. दत्तक घेणाऱ्या पत्नीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये असे स्पष्ट केले की, समारंभातील तिची केवळ उपस्थिती म्हणजे संमती नव्हे. हाच निकष मूल देणाऱ्या मातेलाही लावणे न्याय्य ठरेल.

दुसरा कायदा म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५. तो धर्मनिरपेक्ष आहे. त्याच्या पूर्वीच्या २००० च्या कायद्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्वाळा दिला होता की, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस त्याआधारे दत्तक घेता येते, तथापि तशी सक्ती नाही. मूल सांभाळणे अशक्य झालेल्या पालकांनी बाल कल्याण समितीपुढे यावे, त्यांचे समुपदेशन व्हावे आणि समितीसमोर समर्पणपत्र करून द्यावे, अशी या कायद्याची रीत आहे. त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. या मुदतीत आई मूल परत मागू शकते. मुदत उलटल्यावरच ते दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित होते. संबंधविच्छेद त्याहूनही पुढे, दत्तक आदेश अमलात येण्याच्या दिनांकास होतो. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात.

यातून निष्पन्न होते ते काहीसे विचित्र आहे. समितीसमोर अनोळखी कुटुंबासाठी मूल सोपविणाऱ्या एकाकी मातेस फेरविचाराचा अवधी आहे. भरल्या घरात, आप्तांच्या साक्षीने मूल देणाऱ्या मातेस तो नाही. २०१५ च्या कायद्याच्या कलम ५६ नुसार नातेवाइकाचे मूलही त्याच कायद्याखाली, रीतसर आदेशाने, दत्तक घेता येते. हा मार्ग निवडल्यास पालकांची संमती निदान लेखी स्वरूपात अधिकाऱ्यापुढे येते.