गुह्यांगावरील चामखीळ

हातापायांवर उठणारी चामखीळ सर्वांच्या परिचयाची आहे. तशाच चामखिळी जननेंद्रियांच्या व गुदद्वाराच्या आसपासच्या त्वचेवरही उठतात. मात्र लज्जेमुळे मनुष्य त्या महिनोन्महिने लपवितो. वस्तुतः दोहोंचे कारण एकाच कुळातील विषाणू होत. १९०७ साली चुफ्फो या इटालियन संशोधकाने चामखिळीचा अर्क जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला. त्या गाळलेल्या अर्कानेही चामखीळ उत्पन्न झाली; म्हणजे तिचे कारण जीवाणूंहूनही सूक्ष्म होते. या विषाणूंना ‘मानवी पॅपिलोमा विषाणू’ म्हणतात. त्यांचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. गुह्यांगावरील १० पैकी सुमारे ९ चामखिळी ६ व ११ क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात.

लैंगिक संबंधाच्या वेळी त्वचेवर पडणाऱ्या अतिसूक्ष्म ओरखड्यांतून विषाणू बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींत शिरतो. या पेशी वाढत वाढत पृष्ठभागाकडे सरकतात, तसतशी विषाणूचीही वृद्धी होते. आणि गळून पडणाऱ्या पेशींबरोबर तो बाहेर पडतो. चामखीळ दिसू लागण्यास काही आठवडे, कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात. यास्तव चामखीळ उठली एवढ्यावरून जोडीदाराच्या वर्तनाविषयी तर्क बांधणे अन्यायाचे ठरेल.

विषाणूचा समूळ नाश करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. डॉक्टर चामखीळ तेवढी नाहीशी करतात. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनने ती गोठवितात, विजेच्या उपकरणाने जाळतात, अथवा लेप देतात. यांपैकी एका लेपातील द्रव्य हिमालयात उगवणाऱ्या पोडोफायलम वनस्पतीतही सापडते. गर्भवती स्त्रीने मात्र ते वापरू नये. काही चामखिळी आपोआप मावळतात, तर काही उपचारानंतरही पुन्हा उठतात; तेव्हा निराश न होता उपचार चालू ठेवावेत. चुना लावणे, केस बांधून चामखीळ तोडणे, हातापायांच्या चामखिळींचे औषध येथे लावणे, हे उपाय कटाक्षाने टाळावेत. त्यांनी नाजूक त्वचेस जखमा होतात. इतर गुप्तरोगांसाठीही तपासणी करून घ्यावी. निरोधच्या वापराने संसर्गाचा धोका घटतो; परंतु न झाकलेल्या त्वचेतून तो होऊ शकतो.

या चामखिळींचे रूपांतर कर्करोगात होते काय? ६ व ११ या प्रकारांच्या बाबतीत तसे सहसा घडत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ व १८ या प्रकारांमुळे होतात. विषाणूचा या रोगाशी असलेला संबंध उघड केल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच व्यक्तीस अनेक प्रकारांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून चामखीळ असो वा नसो, तिशीनंतर स्त्रियांनी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करवून घ्यावी.

विषाणूस प्रतिबंध करणारी पहिली लस २००६ साली उपयोगात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ साली आली. ती ६, ११, १६ व १८ या चारही प्रकारांपासून रक्षण करते. लस जडलेला संसर्ग बरा करीत नाही. म्हणून ती संसर्गापूर्वी, शक्यतो ९ ते १४ या वयात टोचून घ्यावी. पालकांनी याविषयी डॉक्टरांचा सल्ला वेळीच घ्यावा.