पन्नास वर्षांनी जागी झालेली नोटीस

2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या खाजगी वनांच्या अपिलांवर जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला. आनंदाहून चीड जास्त यावी असा हा निकाल आहे, कारण त्यात नवं असं फारसं नाही. नोटीस मालकाला बजावल्याशिवाय जमीन खाजगी वन ठरत नाही, हे त्याच न्यायालयाने 2014 साली गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात सांगितलं होतं. तरीही 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने तशाच याचिका फेटाळल्या आणि मालकांना पुन्हा दिल्ली गाठावी लागली.

खरं तर सरकारी अधिकाऱ्याने दिलेला हक्क काढून घेतला की न्यायालयाने काय तपासायचं, हे आपल्याकडे फार आधी ठरलं होतं. अंधेरीत सिनेमागृह बांधायला दिलेली परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली. तेव्हा 1951 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. विवियन बोस यांनी दोन गोष्टी बजावल्या: ज्याला कायद्याने अधिकार दिला त्याने स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यावा, आणि आदेशाचा अर्थ आदेशातच शोधावा, मागाहून दिलेल्या खुलाशात नव्हे. 1969 साली राजकोटचं प्रकरण आलं. जिल्हाधिकाऱ्यांनी 1960 च्या जुलैत दिलेली बिनशेती परवानगी आयुक्तांनी 1961 च्या ऑक्टोबरात रद्द केली होती. कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी फेरतपासणीचा अधिकार वाजवी काळातच वापरायला हवा, असं न्यायालय म्हणालं. सव्वा वर्षसुद्धा तेव्हा फार ठरलं! पुढची वर्षं कंटाळवाणी आहेत. फेरतपासणीचं जुन्या जमीन महसूल अधिनियमातलं कलम 211 नव्यात 257 झालं, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त, मंत्री अशी शिडी उभी राहिली आणि तारखा पडत राहिल्या.

ज्या दशकाचा हिशेब मांडायला हवा ते 2005 ते 2014 चं. त्याचं बी 1956-57 मध्ये पडलं. भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35(3) खाली तेव्हा अनेक जमीनमालकांच्या नावे नोटिसा निघाल्या. ही नोटीस म्हणजे निव्वळ ‘कारणे दाखवा’: तुमच्या जमिनीत झाडतोड, नांगरट, चराई यांवर निर्बंध का घालू नयेत, एवढीच विचारणा. कित्येकांच्या बाबतीत ती बजावल्याचा पुरावा नाही, सुनावणी नाही, अंतिम अधिसूचना नाही. मग 1975 चा खाजगी वने संपादन अधिनियम आला. ज्या जमिनीबाबत अशी नोटीस ‘काढली गेली’ ती खाजगी वन, आणि 30 ऑगस्ट 1975 पासून ती सरकारची, असं त्यात लिहिलं होतं. पुढची तीस वर्षं सरकारने यातल्या अनेक जमिनींचा ताबा घेतला नाही. उलट त्यांवर बांधकामाचे नकाशे मंजूर केले, कर घेतला, खरेदीखतं नोंदवली. मुलुंडमध्ये वसाहती उभ्या राहिल्या. 2005 साली एका जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने दप्तरं अद्ययावत करायला सांगितलं आणि महसूल खातं खडबडून जागं झालं. सातबाऱ्यावर ‘राखीव वन, खाजगी वन’ अशा नोंदी चढू लागल्या. मालकाला विचारायचं काम तेव्हाही कोणी केलं नाही. 24 मार्च 2008 रोजी उच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं आणि पर्यावरणाचा विजय म्हणून त्याचं कौतुकही झालं. बजावणी झाली का, हा प्रश्न त्या कौतुकात कोणाला सुचला नाही. 30 जानेवारी 2014 रोजी न्या. मदन लोकूर यांनी लिहिलेल्या निकालाने तो विचारला. नोटीस काढणं म्हणजे ती मालकापर्यंत पोहोचवणं, आणि तीही चालू, जिवंत असायला हवी. 1956 ची मेलेली नोटीस 1975 ला आधार देऊ शकत नाही. त्याआधीचा, सन 2000 चा उलटा निकालही न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

सरकारी बाजूचा लाडका युक्तिवाद असा की सातबारा हा मालकीचा दस्त नव्हे. नोंद बदलली म्हणून हक्क जात नाही. पुस्तकात हे बरोबर आहे. पण त्या नोंदीनंतर बँक कर्ज देत नाही, नकाशा मंजूर होत नाही, गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही. ज्या कागदाने मालकाचे हातपाय बांधले जातात तो कागद मालकीचा नाही, हे समाधान वकिलांनाच लखलाभ.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: या तांत्रिक मुद्द्यांचा फायदा बिल्डरांना होतो आणि जंगल जातं. जंगल जातं हे खरं, पण ते नोटीस बजावल्याने जात नव्हतं. त्याच 1975 च्या अधिनियमात वाद झाला तर जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करण्याची सोय आहे, मोबदल्याची तरतूद आहे. रीतसर संपादन करायला कोणी हात धरला नव्हता. शिवाय न विचारता चढवलेल्या नोंदीचं हे पातं बिल्डर ओळखून चालत नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार (कबुलायतीने जमीन धारण करणाऱ्या) गावकरांच्या पिढीजात जमिनींवर शासनाचं नाव लागलं, तेव्हा तिथे कोणाचे मनोरे उभे राहायचे नव्हते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाजवी काळाची ढाल फसवणूक करणाऱ्यालाही मिळेल, आदिवासीची जमीन लाटणारा ‘आता फार उशीर झाला’ म्हणून सुटेल. ही भीती खोटी नाही. पण फसवणुकीत मुदत ती उघड झाल्यापासून मोजावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 सालीच मान्य केलं आहे. आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याच्या 1974 च्या अधिनियमात विधिमंडळाने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 अशी कक्षा स्पष्ट लिहिली. मागे किती जायचं हे सभागृहात उघडपणे ठरणं आणि एखाद्या कार्यालयाने मनाला येईल तेव्हा दप्तर उघडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2009 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सतरा वर्षांनी उकरलेली नोंद नाकारताना, कलम 257 साठी साधारण तीन वर्षांची मर्यादा न्यायालयाने सुचवली. या राज्याच्या महसूल यंत्रणेने ती अंगाला लावून घेतल्याचं दिसत नाही.

आज परिस्थिती अशी आहे की याचिका केली तर आधी ती शिडी चढून या म्हणतात, शिडी चढली तर वरच्या पायरीवर मंत्री बसलेले असतात. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, सातबारा संगणकावर आला. आणि दिल्लीहून जिंकून आलेल्या मालकाला इतर हक्काच्या रकान्यातली ती ओळ काढायला त्याच कार्यालयात फेरफारासाठी अर्ज करावा लागतो.